आज्ञाधारक विमान : वेस्टलंड एफ ७/३०

२३ मार्च १९३४ रोजी हॅरल्ड पेनरोझ या चाचणी वैमानिकानं इंग्लंडमध्ये एक नवं लढाऊ विमान पहिल्यांदा हवेत नेलं. विमान बायप्लेन होतं, म्हणजे एकावर एक असे पंखांचे दोन मजले असलेलं. त्या काळात त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं त्याच्या मांडणीत. तेव्हाच्या बहुतेक सगळ्या लढाऊ विमानांत इंजिन नाकाशी असे आणि वैमानिक त्याच्या मागे, पंखांच्या सावलीत बसे. इथे वैमानिक पुढे, वरच्या पंखाच्याही पुढे बसला होता. इंजिन त्याच्या पाठीमागे विमानाच्या पोटात होतं आणि तिथून निघालेला एक लांब दांडा वैमानिकाच्या खालून जाऊन नाकावरचा प्रोपेलर फिरवत होता. वरचा पंख मधोमध खाली वाकून विमानाच्या पाठीला येऊन भिडला होता, समुद्रपक्ष्याच्या पंखासारखा.

या विमानाला धड नावसुद्धा मिळालं नाही. ज्या सरकारी मागणीपत्रकाबरहुकूम ते बांधलं, त्याच्याच क्रमांकानं ते ओळखलं जातं : वेस्टलंड एफ ७/३०. एकच नग तयार झाला. स्पर्धेत तो हरला आणि विसरला गेला. विमानांची सचित्र पुस्तकं चाळणाऱ्याला तो क्वचित एखाद्या कोपऱ्यात भेटतो, बहुधा 'विचित्र विमानं' अशा प्रकरणात. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. या विमानातली प्रत्येक विचित्र गोष्ट म्हणजे कागदावरच्या एकेका कलमाला दिलेलं सरळ, विचारपूर्वक उत्तर होतं. चूक उत्तरात कमी आणि प्रश्नात जास्त होती. त्या प्रश्नाची किंमत पुढे ज्यांनी मोजली, त्यांनी तो कागद कधी पाहिलाही नव्हता.

आधी दोन पंखांविषयी थोडं. विमान जड, इंजिन अशक्त आणि साहित्य म्हणजे लाकूड नाहीतर हलक्या धातूच्या पट्ट्या व वर ताणलेलं कापड, अशा काळात लांबलचक एकेरी पंख वाकून मोडण्याची भीती असे. दोन आखूड पंख एकावर एक ठेवायचे, मध्ये उभे खांब द्यायचे आणि तिरक्या तारांनी आवळायचे, की रेल्वेच्या पुलासारखा एक पेटीवजा सांगाडा तयार होतो. तो हलका असतो आणि भक्कमही. शिवाय कमी लांबीत पंखांचं क्षेत्रफळ भरपूर मिळतं, म्हणून विमान चटकन वळतं आणि हळू वेगातही तरंगतं. तोटा एकच, पण मोठा. खांब आणि तारा हवेला अडवतात आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट.

एकेरी पंखांच्या मोनोप्लेनबद्दल ब्रिटिश लष्कराच्या मनात जुनी अढी होती. १९१२ साली लागोपाठ काही अपघात झाले, तेव्हा लष्कराच्या वैमानिकांना मोनोप्लेन उडवायला बंदीच करण्यात आली होती. बंदी काही महिन्यांत उठली, पण अविश्वास राहिला. नागरी जगात मात्र चित्र वेगळं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले ते 'पस मॉथ' या एकेरी पंखांच्या विमानातून. म्हणजे मुंबईकरांची पत्रं मोनोप्लेननं येत होती, त्या वर्षी रॉयल एअर फोर्सचं प्रत्येक लढाऊ विमान बायप्लेन होतं. पण याच पस मॉथ जातीच्या काही विमानांचे पंख त्या वर्षांत हवेत मोडले होते, हेही सांगायला हवं. ती अढी अगदी निराधार नव्हती.

आता तो कागद. हवाई मंत्रालय नव्या विमानाची गरज मागणीपत्रकात मांडून कंपन्यांकडे पाठवत असे. 'एफ ७/३०' यातला एफ म्हणजे फायटर, आणि उरलेला आकडा म्हणजे १९३० सालातला क्रमांक सात. प्रत्यक्षात तो कागद कंपन्यांच्या हाती १९३१च्या उत्तरार्धात पडला. त्यामागची निकड खरी होती. हॉकर कंपनीचं 'हार्ट' हे नवं हलकं बॉम्बफेकी विमान १९३०च्या सुमारास इतकं वेगवान निघालं की सरावात हवाई दलाच्याच लढाऊ विमानांना ते गाठता येईना. पहारेकऱ्यापेक्षा चोर जोरात पळतो, अशी ती लाजिरवाणी अवस्था.

म्हणून वेग हवा. उंचावर झटपट पोहोचता यायला हवं. बंदुका दोनाऐवजी चार हव्यात. इथवर ठीक. पण त्याच विमानानं दिवसा आणि रात्रीही लढावं, असं कागद म्हणत होता. तेव्हा रडार नव्हतं. रात्रीचा वैमानिक सर्चलाइटच्या झोतात शत्रू शोधणार आणि परत येऊन रॉकेलच्या पलित्यांच्या रांगेशेजारी, गवताच्या मैदानावर, अंदाजानं उतरणार. त्यासाठी उतरतानाचा वेग अगदी कमी हवा आणि वैमानिकाला पुढचं, खालचं सगळं स्वच्छ दिसायला हवं. उतरतानाचा वेग कमी करायचा तर पंख मोठे लागतात. कमाल वेग वाढवायचा तर लहान. आज ही ओढाताण पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या फ्लॅपनी बरीच सोडवली जाते. तेव्हा फ्लॅप नवे होते.

कागदात ही विसंगती का राहिली? एक कारण पैशाचं. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनला पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडावं लागलं होतं. पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही, असं गृहीत धरून संरक्षणाचा खर्च आखायचा हा नियम मार्च १९३२पर्यंत लागू होता. दिवसाचं एक आणि रात्रीचं एक अशी दोन विमानं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून एकाच विमानाकडून दोन्ही कामांची अपेक्षा. एकाच नोकरानं पाणी भरावं आणि हिशेबही लिहावा, अशातला प्रकार.

गंमत म्हणजे त्याच सप्टेंबरात सुपरमरीन कंपनीच्या 'एस ६बी' या एकेरी पंखांच्या शर्यती सागरी विमानानं ताशी ४०७ मैलांचा, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटरचा, जागतिक विक्रम केला होता. वेग कुठून येतो हे इंग्लंडला ठाऊक होतं. पण शर्यतीच्या विमानाला उतरायला अख्खा समुद्र असतो आणि त्याचं इंजिन थोडे तास टिकलं तरी पुरतं.

या सगळ्याहून महागात पडली ती मंत्रालयाची एक पसंती. सक्ती नव्हती, फक्त पसंती : इंजिन रोल्स-रॉइसचं 'गॉसहॉक' असावं. हे त्यांच्या नावाजलेल्या 'केस्ट्रेल' इंजिनाचं भावंड, ताकद सहाशे अश्वशक्तीच्या आसपास. फरक होता तो थंड करण्याच्या पद्धतीत. कंपन्यांनी हे इंजिन निवडलं, कारण मंत्रालयाची पसंती आणि मंत्रालयाची ऑर्डर यांतलं नातं कुठल्याही कंत्राटदाराला समजतं.

पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात पाणी इंजिनाभोवती फिरून तापतं, मग रेडिएटरमध्ये जाऊन थोड्या अंशांनी गार होतं आणि परत येतं. एक किलो पाणी एका अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे एका फेरीत ते फारशी उष्णता वाहून नेत नाही. म्हणून पाणी भरपूर लागतं आणि रेडिएटर मोठा. तो विमानाच्या पोटाखाली लोंबतो आणि हवेला अडवतो. आता दुसरा विचार करा. शाळेत आपण 'अप्रकट उष्मा' शिकलो : उकळत्या एक किलो पाण्याची वाफ करायला तब्बल ५४० किलोकॅलरी लागतात, आणि तापमान मात्र एका अंशानेही वाढत नाही. मग पाण्याला इंजिनात दाबाखाली शंभर अंशांच्या वर नेलं, बाहेर येताना दाब सोडून त्यातल्या काही भागाची वाफ होऊ दिली, ती वाफ पंखांच्या पातळ पत्र्याआडच्या कंडेन्सरमधून फिरवून पुन्हा पाणी केली, तर? थोडंच पाणी पुष्कळ उष्णता नेईल. लोंबणारा रेडिएटर नको. पंखाचा पत्राच रेडिएटर होईल.

कल्पना सुंदर आहे. कागदावर तिच्यात खोट काढता येत नाही. खोट होती ती पंपात. वाफेचं झालेलं पाणी जवळजवळ उकळतंच असतं. ते पंपानं खेचायला गेलं की खेचण्याच्या बाजूला दाब किंचित उतरतो, आणि उकळायच्या बेतात असलेलं पाणी तिथेच फसफसून वाफ होतं. पंपात पाण्याऐवजी वाफ भरली की तो नुसता फिरत राहतो, ओढत काहीच नाही. त्यात विमान वर चढू लागलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि पाणी आणखी लवकर उकळतं. लेहला गेलेल्यांना आठवत असेल, तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. साडेतीन हजार मीटरवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. लढाऊ विमानाला त्याहून वर, पंधरा हजार फुटांवर झपाट्यानं जायचं होतं. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला सगळ्यात जास्त गारवा हवा, पूर्ण जोरात चढताना, नेमकी तेव्हाच यंत्रणा दगा देणार. शिवाय दोन्ही पंखभर वाफ खेळवलेल्या विमानाला एक गोळी लागली तर काय, हा प्रश्न उरतोच. लढाऊ विमानाला गोळ्या लागतात, हे गृहीत धरायला हरकत नसावी.

गॉसहॉकची जेमतेम वीसेक इंजिनं बनली. त्याच्या अडचणींत तीन वर्षं गेली आणि स्पर्धक विमानं उडाली ती थेट १९३४मध्ये.

ब्रिस्टलनं 'टाइप १२३' नावाचं बायप्लेन स्वखर्चानं केलं. त्याचा तोल बाजूंना ढळत असे, आणि ते ब्रिस्टलचं शेवटचं बायप्लेन ठरलं. हॉकरच्या सिडनी कॅम यांनी आपलं देखणं 'फ्युरी' विमान वाढवून 'पी. व्ही. ३' केलं. ब्लॅकबर्नचं 'एफ ३' तर उडालंच नाही. त्यांनी विमानाचं धड खालच्या पंखापासून उंच उचलून मधल्या जागेत कंडेन्सर बसवला होता, त्यामुळे भार वर गेला. जमिनीवर धाववतानाच ते इतकं बेभरवशाचं निघालं की शेवटी विद्यार्थ्यांना शिकवायला देऊन टाकलं.

सुपरमरीनच्या आर. जे. मिचेल यांनी 'टाइप २२४' हे मोनोप्लेन आणलं. एस ६बी त्यांचंच, तेव्हा अपेक्षा आभाळाएवढ्या. पण कमी वेगात उतरण्याच्या अटीनं पंख जाडजूड आणि मोठे झाले, चाकांवर विजारीसारखी आवरणं चढली, आणि गारव्याचं पाणी साठवायची सोय त्या विजारींच्या तळाशी केली. तिथून ते वर खेचायचं, म्हणजे पंपाची परीक्षा दुहेरी. विमान चढू लागलं की वैमानिकासमोर लाल दिवा लागे, मग चढणं थांबवून इंजिन निवेपर्यंत सरळ उडत राहायचं. पंधरा हजार फूट गाठायला त्याला साडेनऊ मिनिटं लागली. कंपनीनं या विमानाचं सुचवलेलं नाव 'स्पिटफायर' होतं. ते नाव पुढे दुसऱ्याच विमानाला मिळालं.

आता पुन्हा वेस्टलंडकडे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या यिओव्हिल गावातली ही कंपनी आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तिची चार विमानं वेस्टलंडची 'वापिटी' होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, म्हणून हा उल्लेख हक्कानं करतो. वापिटी हे काटकसरीचं अपत्य : पहिल्या महायुद्धातल्या 'डी. एच. ९ए' विमानाचे उरलेले सुटे भाग वापरता यावेत, अशी अट पाळून बनवलेलं. अट वाचावी आणि तिच्यात बसेल तेच करावं, ही त्या कंपनीची सवय दिसते.

एफ ७/३०चा कागद तिनं तसाच वाचला. वैमानिकाला स्वच्छ दिसायला हवं? मग पंख आणि इंजिन त्याच्या समोर नकोतच. त्याला सगळ्यांच्या पुढे बसवा. चार बंदुका हव्यात? इंजिन मागे गेल्यानं नाकात जागा मोकळी झालीच आहे. त्या वैमानिकाच्या हाताशी ठेवा, अडकल्या तर सोडवता येतील. चपळाई हवी? सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन. ते विमानाच्या भारकेंद्राजवळ आणा, म्हणजे विमान झटकन वळेल. हळू उतरायचं? दोन पंख आहेतच. इंजिन गॉसहॉक? आहे. एकाही कलमापुढे 'नाही' लिहावं लागत नव्हतं.

आणि विमान जमलं नाही. दृष्टी खरोखर उत्तम होती, पण मागे ठेवलेल्या इंजिनासाठी लांब दांडा, त्याचे आधार आणि विमानाचं भरदार पोट, या सगळ्याचं वजन आणि अडथळा वाढला. समोर काहीच आडोसा नसल्यानं वैमानिकाला वारा झोडपत असे. पुढे बैठकीवर आच्छादन बसवावं लागलं. सहाशे अश्वशक्तीचं आजारी इंजिन इतकं ओझं पेलणार कसं? वेगात आणि चढण्यात ते मागे पडलं, आणि पुढच्या वर्षीच्या सरकारी चाचण्यांनंतर त्याचा विषय संपला.

मांडणी वेडी नव्हती, याचा पुरावा चार वर्षांनी अमेरिकेत मिळाला. एप्रिल १९३८मध्ये बेल कंपनीचं 'पी-३९ एअराकोब्रा' उडालं : इंजिन वैमानिकाच्या मागे, दांडा त्याच्या खालून, नाकात तोफ. त्याची साडेनऊ हजारांवर विमानं बनली आणि सोव्हिएत वैमानिकांनी ती गाजवली. पण त्याचं इंजिन जवळजवळ दुप्पट ताकदीचं होतं, पंख एकेरी होते आणि चाकं पोटात मिटत होती.

स्पर्धा जिंकली कोणी? ग्लॉस्टर कंपनीचे हेन्री फॉलंड यांनी गॉसहॉककडे पाठ फिरवली. हाताशी त्यांचंच 'गॉन्टलेट' हे चांगलं बायप्लेन होतं. पंखांमधल्या खांबांची एक जोडी त्यांनी काढून टाकली, म्हणजे तेवढा अडथळा कमी. चाकांच्या तारा आणि आडवे आधार काढून स्प्रिंग चाकातच बसवलेलं सुटसुटीत पायगाडं घेतलं. दोन बंदुका वाढवल्या. इंजिन ब्रिस्टलचं 'मर्क्युरी', हवेवर थंड होणारं. पाणी नाही, वाफ नाही, लाल दिवा नाही. 'एस. एस. ३७' हा नमुना १२ सप्टेंबर १९३४ रोजी उडाला, सगळ्या स्पर्धकांच्या मागून. पुढे त्यानं ताशी २४२ मैलांपर्यंत मजल मारली. टाइप २२४ हे मोनोप्लेन असूनही २२८वर अडलं होतं. जुलै १९३५मध्ये 'ग्लॅडिएटर' या नावानं पहिल्या तेवीस विमानांची ऑर्डर निघाली.

इथे गोष्ट गोड संपली असती. पण ऑर्डरीनंतर चारच महिन्यांनी, ६ नोव्हेंबर १९३५ला, सिडनी कॅम यांचं 'हरिकेन' उडालं आणि ५ मार्च १९३६ला मिचेल यांचं खरं 'स्पिटफायर'. दोघेही एफ ७/३०मध्ये हरलेले. दोघांनीही वाफेचा नाद सोडला आणि रोल्स-रॉइसचं नवं इंजिन घेतलं, जे पुढे 'मर्लिन' म्हणून प्रसिद्ध झालं. मोनोप्लेन लढाऊ विमान करणारे ते पहिले नव्हेत. चाकं मिटणारं सोव्हिएत 'आय-१६' १९३३च्या डिसेंबरातच उडालं होतं. उलट इटलीनं १९३८मध्येही नवं बायप्लेन, फियाटचं 'सी. आर. ४२', काढलं. तेव्हा मागे राहण्याचा दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारू नये.

१९३१ला मागितलेलं विमान १९३७च्या फेब्रुवारीत तुकड्यांच्या हाती पडलं, आणि तोवर ते शिळं झालं होतं. तरी सातशेवर ग्लॅडिएटर बनली, कारण कारखाना ती बनवू शकत होता आणि युद्ध जवळ येत होतं.

एप्रिल १९४०मध्ये जर्मनीनं नॉर्वेवर स्वारी केली, तेव्हा २६३ क्रमांकाच्या तुकडीची अठरा ग्लॅडिएटर 'ग्लोरियस' या विमानवाहू जहाजावरून उडून लेस्याच्या गोठलेल्या सरोवरावर उतरली. तोच त्यांचा तळ. रात्री कार्ब्युरेटर आणि सुकाणूच्या तारा गोठल्या, सकाळी इंजिनं सुरू होईनात आणि जर्मन बॉम्बफेकी विमानं येऊन बर्फावर उभ्या विमानांना टिपू लागली. दोन-तीन दिवसांत तुकडीकडे उडण्याजोगं काही उरलं नाही. पुढच्या महिन्यात हीच तुकडी नवी ग्लॅडिएटर घेऊन उत्तर नॉर्वेत परतली आणि चांगली लढली. माघारीचा हुकूम आला तेव्हा उरलेली दहा विमानं वैमानिकांनी पुन्हा 'ग्लोरियस'वर नेऊन उतरवली. ८ जूनला दोन जर्मन युद्धनौकांनी ते जहाज बुडवलं. तुकडीचे बहुतेक वैमानिक त्यात गेले.

त्याच वर्षी १९ सप्टेंबरला चोवीस वर्षांचा एक वैमानिक, कधीही न उडवलेलं ग्लॅडिएटर घेऊन, आपल्या नव्या तुकडीकडे इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात निघाला. तळ सापडला नाही, इंधन संपत आलं, अंधार पडू लागला आणि सक्तीनं उतरताना विमान कोसळलं. त्याची कवटी फुटली, काही आठवडे दृष्टी गेली. १९४२मध्ये या प्रसंगावरचा त्याचा पहिला लेख एका अमेरिकी साप्ताहिकात छापून आला, तेव्हा मथळ्यात विमान शत्रूनं पाडल्याचं म्हटलं होतं. लेखकाचं नाव रोआल्ड डाल.

पेनरोझ पुढेही अनेक वर्षं वेस्टलंडची विमानं उडवत राहिले, निवृत्तीनंतर त्यांनी ब्रिटिश विमानविद्येचा खंडोखंडी इतिहास लिहिला आणि १९९६पर्यंत जगले. त्यांचं ते पुढे बसायचं विमान आज कुठल्याही संग्रहालयात नाही. टाइप २२४ ऑरफर्डनेसच्या सरावमैदानावर गोळीबाराचं लक्ष्य म्हणून संपलं. नॉर्वेच्या त्या सरोवरातून काढलेल्या एका ग्लॅडिएटरचा सांगाडा मात्र लंडनला हेंडनच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. १९३४च्या जूनमध्ये याच हेंडनच्या मैदानावर टाइप २२४ लोकांना पहिल्यांदा दाखवलं होतं, नवीन जातीच्या विमानांच्या रांगेत, पाटीवर क्रमांक रंगवून.